गावाचा रकाना

नाना,

आज रविवार, आठ फेब्रुवारी. सकाळी साडेसहाच्या गाडीने तळोद्याहून नंदुरबार, तिथून दुसरी गाडी धरून विसरवाडी. दीडला परत निघाले, साडेचारला घरी आले. पाय धुतले, जेवण झालं नव्हतं ते तसंच राहिलं. तेव्हापासून तिसऱ्यांदा या टेबलाशी बसते आहे. दोनदा उठून उगाच गच्चीवर जाऊन आले. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही आपण दोघं कामापुरतंच बोलायचो, आणि ते आपल्या बोलीत. आता लिहायला बसले तर शाळेची मराठीच हातातून उतरते. असू द्या.

सांगायचं ते असं, की तुमचं पुस्तक मी छापायला दिलं आहे, आणि ते पुस्तक चुकीचं आहे. मंगळवारी ते मशीनवर चढणार होतं.

जूनमध्ये मी निवृत्त झाले. कपाट आवरताना तुमच्या पुस्तकाची मी केलेली फेअर कॉपी निघाली, तुम्ही गेल्यावर इकडे आणून ठेवलेली, जशीच्या तशी, कडेला भोकं पाडून दोऱ्याने ओवलेली. वाटलं, आता वेळ आहे, नानांचं राहिलेलं करून टाकावं. शहाद्यात एक छापखानेवाले आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांच्या मागच्या फळीवर आपल्याकडच्या माणसांची पुस्तकं ओळीने उभी आहेत. निवृत्त मास्तरांच्या कविता, एका तलाठ्याचं आत्मचरित्र, पपईच्या लागवडीवर एक, कुणाच्या तरी चारधामच्या प्रवासाचं एक. ते म्हणाले, "मॅडम, पेन्शन सुरू झाली की माणूस आधी दात करून घेतो आणि मग माझ्याकडे येतो." मी हसले नाही, तेव्हा त्यांनी घाईने विचारलं, विषय काय आहे. मी म्हटलं, मोटर रिवायंडिंग, जळलेल्या मोटरीत नवी तार भरायचं काम. त्यांनी चष्मा वर केला. असं पुस्तक त्यांच्याकडे कधी आलं नव्हतं. मला त्या वेळी फार अभिमान वाटला.

येत्या पाडव्याला प्रकाशन ठेवलं. भावाने शाळेचा हॉल सांगून ठेवला. माय शहाद्याला त्याच्याकडे असते, चौऱ्याऐंशीची झाली, तिला डोळ्यांनी कमी दिसतं पण ती रोज फोन करून विचारते, "नानानं पुस्तक कोठलोंग उनं?" कुठवर आलं, जणू तुम्हीच गावाहून यायचे आहात.

पुस्तक तुम्हाला का काढायचं होतं, ते मला माहीत होतं. तुम्ही नंदुरबारला ज्या उस्तादाकडे शिकलात, तो कॉइल भरताना तुमच्याकडे पाठ करून बसायचा. तारेचे किती फेरे भरले ते कुणाला कळू द्यायचं नाही, हीच त्या धंद्याची रीत. आकडा म्हणजेच दुकान. तुम्ही मोटर उचलायची, वार्निश लावायचं, बांबूच्या कामट्या तासायच्या, पण आकडा विचारायचा नाही. त्याच्या हँडलला दर फेऱ्याला एकदा करकर व्हायची, ती तुम्ही मोजायचात. उस्तादाच्या लक्षात आलं त्या दिवशी त्याने हँडलला तेल घातलं. ही गोष्ट तुम्ही पन्नासदा सांगितली असेल आणि दर वेळी तेलाच्या जागी येऊन तुम्ही स्वतःच हसायचात. मग गंभीर होऊन म्हणायचात, मोटर जळली की केळीचं पाणी बंद पडतं, आणि शेतकरी कुठल्या दुकानात आकडा आहे ते शोधत हिंडतो. हे पुस्तकात पाहिजे. ज्याच्या हाताला काम येतं त्याला आकडाही मिळाला पाहिजे.

मग शहाद्याच्या स्टँडजवळ तुम्ही स्वतःचं दुकान टाकलंत, तेव्हा तिथले बाकीचे मिस्त्री तुम्हाला चिडवायचे. शेजारचा दुकानदार दारात उभा राहून ओरडायचा, "नाना, आकडा छापी देशात तं आम्ही काय भजी तयसूत का?" तुम्ही मान वर न करता, "तय ना. स्टँडजोडे दुकान शे तुनं, खपतीन." त्यावर तोच सगळ्यांत मोठ्याने हसायचा, आणि संध्याकाळी हळूच येऊन एखाद्या जुन्या मोटरचा आकडा विचारून जायचा. तुम्ही सांगायचात. पाठ न करता.

पावसाळ्यात वार्निश वाळत नसे म्हणून तुम्ही भरलेली मोटर घरी आणायचात आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिच्या पोटात मोठा बल्ब पेटवून ठेवायचात. मला ते अजून दिसतं. माय चुलीशी भाकरी थापते आहे, कोपऱ्यात लोखंडाच्या त्या पोकळ ड्रममधून पिवळा उजेड येतो आहे, आणि सगळ्या घराला तो गोडसर, डोकं धरणारा वास. माय म्हणते, "हाई सयपाकघर शे का तुमनं दुकान? भाकरले बी वार्निसना वास!" आणि तुम्ही ताटावर बसून, "खाय, खाय. पोटले बी इन्सुलेशन लागस." माय तोंडाला पदर लावते. मी दहावीत होते, पुस्तक घेऊन त्याच उजेडात बसले होते. आपल्या घराचा वास आपल्या कपड्यांना येतो, हे मला शाळेत गेल्यावर कुणीतरी सांगितलं. त्यानंतर मी दुकानात येणं कमी केलं. तुम्ही कारण विचारलं नाहीत.

मग मी नोकरीला लागले, तळोद्याच्या ऑफिसात. तीस-बत्तीस वर्षं विवरणपत्रं केली. तुम्ही सत्तरीला आलात तेव्हा एके दिवशी एसटीने तळोद्याला आलात, बगलेत सिमेंटच्या पिशवीत बांधलेल्या अकरा वह्या, खिशात माझ्यासाठी नवा शाईचा पेन आणि दोन दस्ते आखीव कागद. म्हणालात, "तुन्हं अक्षर चांगलं शे. मन्हं लिखेल मन्हाशिवाय कोनले वाचता येस नही." बस. चहा घेतलात आणि परतीची गाडी धरलीत. आयुष्यात तुम्ही मला सांगितलेलं ते एकच काम.

वह्यांच्या पानापानाला ऑइलचे डाग होते. दर ओळीत आधी गाव, मग शेतकऱ्याचं नाव, मग मोटर किती एचपीची, तार बसवायच्या खाचा किती, फेरे किती, तार कोणत्या गेजची. मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की बसायचे. सात महिने लागले. सुरुवातीला जसंच्या तसं उतरवलं. मग माझ्या लक्षात आलं की त्याच मोटरला, तेवढ्याच खाचांना, कुठे बेचाळीस फेरे लिहिले आहेत, कुठे चाळीस, कुठे अडतीस. तार कधी बारीक, कधी एक नंबर जाड. नाना, माझी सगळी नोकरी एकाच गोष्टीत गेली. एका बाबीसमोर दोन आकडे असले की विवरणपत्र वरून शेरा मारून परत येतं. मी ते परत येऊ द्यायची नाही, हेच माझं नाव होतं ऑफिसात. मला वाटलं, नानांचं वय झालं, इतक्या वर्षांत कुठे इकडचं तिकडे लिहिलं गेलं असेल. मी प्रत्येक मोटरसाठी जो आकडा जास्त वेळा आला होता तो ठेवला, बाकीचे गाळले. आणि पुस्तकात शेतकऱ्यांची नावं कशाला, म्हणून तो रकाना काढला. त्याच्याबरोबर गावाचा रकानाही काढला. दोनशेच्या वर गावं होती. तक्ता एकदम स्वच्छ दिसायला लागला.

अडतीसचा आकडा ठरावीक गावांनाच येतो, हे मला दिसलं होतं. एकदा वाटलं विचारावं. विचारायला शहाद्याला येऊन, दुकानात खाली बसून, एक एक मोटर समजून घ्यावी लागली असती. रविवार तेवढाच मिळायचा. मी आले नाही.

कॉपी तुमच्या हातात दिली तो दसऱ्याचा आदला दिवस. तुम्ही हात दोनदा साबणाने धुतलेत, तरी पानं काठाला धरूनच उलटलीत. शेजारच्या दुकानदाराला हाक मारून दाखवलंत, "देख, आंडेरनी लिखेल शे," लेकीने लिहिलंय म्हणून. संक्रांतीला आले तर जुन्या वह्या दिसल्या नाहीत. माय म्हणाली, ब्रश पुसायला आणि वार्निशच्या डब्याखाली टाकायला एक एक पान फाडून संपवल्या. तुम्हाला वाटलं, आता फेअर झालंय, जुन्याचं काय काम. माझ्या कॉपीवर तुमचा इतका विश्वास होता.

आणि त्या हिवाळ्यानंतर तुम्ही पुस्तकाचं नाव काढणं बंद केलंत. मी एकदा विचारलं, छापायला कधी देणार? तुम्ही हातातली कामटी तासत राहिलात. "राहू दे आते. पुस्तक कोन वाचस?" मला वाटलं थकले. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. पंधरा वर्षं मी हेच समजत आले की थकले म्हणून राहिलं.

पंधरा दिवसांपूर्वी एका लग्नात विसरवाडीचे काका भेटले. तुमच्याच हाताखाली तयार झाले आणि मग हायवेवर स्वतःचं दुकान टाकून ट्रकच्या स्टार्टरचं काम करू लागले. छापण्याआधी कुणा जाणत्याने बघावं म्हणून मी त्यांना पुस्तकाच्या काही पानांची झेरॉक्स दिली. काल त्यांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "ताई, येक चक्कर मारी जाय." म्हणून आज गेले.

दुकानात गिऱ्हाईक होतं, ते त्यांनी वाटेला लावलं. मला खुर्ची दिली, स्वतः पालथ्या डब्यावर बसले. झेरॉक्स पुढे धरून म्हणाले, "हाई कोनं लिखेल शे?"

"नानानंच शे. मी फक्त फेअर करं."

"पाच एचपी, छत्तीस खाचा, बेचायीस फेरा. बरं. पन कोन्या गावले?"

मी म्हटलं, "गावनं काय काका, मोटर तं तीच शे ना?"

ते मोकळेपणी हसले, लहान मुलाला हसावं तसे. "मोटर तीच शे ताई, पन लाइट तीच शे का? सबस्टेशनजोडे राहस त्याले पुरी लाइट भेटस. टोकना गावले दोपारले निम्मा जीव राहस तिन्हामा. तठे बेचायीस भरा तं मोटर उठसच नही. नुस्ती हुंकारा देस आन जयी जास. तठे नाना अडतीस भरेत, आन तार येक नंबर जाड. मधला गावले चायीस. येक येक गावनी लाइट त्यास्ना ध्यानमा व्हती. बाकी मिस्त्री कोठे बी येकच आकडा भरेत, म्हनीसन त्यास्न्या मोटरी जयेत. नानान्या नही जयेत."

म्हणजे कुठे किती फेरे भरायचे, ते त्या गावच्या लाइटवर ठरायचं. काका चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले. मी कुठे बघत होते मला आठवत नाही. बाहेर ट्रक उलटा घेत होता, त्याचा क्लीनर पत्र्यावर थापा मारत होता.

"माले वाटनं तुले माहीत व्हई," ते म्हणाले.

"काय माहीत व्हई?"

"नाना आठे उनथात. जावाना पहिले, उन्हाळामा. तुन्ही ती कॉपी लई उनथात. दोन दिन ऱ्हायनात. आठवी आठवीसन लिखेत, माले बी इचारेत, अमक्या गावले आपन काय भरं व्हतं रे. मी म्हनं, नाना, ताईले सांगा ना, ती पुन्हा लिखी दी. तं माले म्हने, 'सात महिना बठनी ती. तिले काही सांगानं नही. तिनी चूक नही, मी सांगं नही तिले. माले वाटनं देखताच समजी जाई.'"

ते आत गेले आणि एक वही घेऊन आले. शंभर पानी, शाळेची. पहिल्या पानापासून तुमचं पेन्सिलचं अक्षर. गाव, शेतकरी, मोटर, खाचा, फेरे, तार. सव्वीस गावं. त्यांच्याखाली सत्ताविसाव्या गावाचं नुसतं नाव आहे, फेऱ्यांची जागा कोरी. त्यानंतर दुसरं अक्षर सुरू होतं, काकांचं. शहाद्याकडे जाणं झालं की ते जुन्या दुकानांत विचारत राहिले, नानांनी भरलेली मोटर उघडायला आली का. तुमची दोऱ्याची गाठ त्यांना ओळखता येते. आली असेल तर जळकी कॉइल कापून फेरे मोजायचे आणि वहीत लिहायचे. पंधरा वर्षांत त्यांनी एकोणीस गावं लिहिली. मला त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही सांगू नको म्हणाला होतात.

मी विचारलं, मग आज का सांगितलं? ते म्हणाले, "आते छपी ऱ्हायनं ना. कोनी ते वाचीसन टोकना गावले मोटर भरी दी तं, नाव कोनं जाई?" आणि स्वतःच म्हणाले, "नानानं."

स्टँडवरून मी छापखानेवाल्यांना फोन केला. रविवार असून त्यांनी उचलला. म्हटलं, मंगळवारी घेऊ नका. ते म्हणाले, "मॅडम, कव्हर छापून पडलंय. दोन-चार चुका असतील तर शेवटी शुद्धिपत्र टाकू, सगळेच टाकतात." मी म्हटलं, दोन-चार नाहीत, सगळे आकडे चुकले आहेत. "सगळे? मग पुस्तकात उरलं काय?" गाडी लागली म्हणून फोन ठेवला, गाडी लागली नव्हती.

येताना सगळा रस्ता वही मांडीवर होती. सव्वीस आणि एकोणीस, पंचेचाळीस गावं. बाकीची कुठून आणायची? काका म्हणतात तुमच्या हातच्या मोटरी अजून विहिरींवर आहेत, कधीतरी उघडतील. कधी? किती? माय तोवर थांबेल का? पंचेचाळीसच छापावीत आणि बाकीच्यांना कोरी जागा ठेवावी, असं नंदुरबार येईपर्यंत वाटत होतं. नंदुरबारनंतर वाटायला लागलं, मी उद्यापासून शहाद्याला जाऊन एका एका दुकानात बसावं, काकांनी बसावं तसं. मला तर कॉइल कुठून कापतात तेही माहीत नाही. मग तळोदा आलं.

राग येतो आहे, आणि तो तुमच्यावरही येतो आहे. एक शब्द बोलला असतात. ओरडला असतात तरी चाललं असतं. मी पुन्हा सात महिने बसले असते. दोन दिवस परक्या दुकानात पालथ्या डब्यावर बसून सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आठवून आठवून लिहायचं, आणि लेकीच्या घराकडे न वळता गाडीने तसंच निघून जायचं. त्या उन्हाळ्यात मी इथेच होते नाना. रविवारी घरीच असायचे.

सहाला मायचा फोन आला. "मंगयवारले चढी ना मशीनवर?" मी सांगितलं, "मशीन बिघडेल शे माय. टाइम लागी." ती म्हणाली, "मंग नानाले सांग ना, ते दुरुस्त करतीन," आणि मग तिचं तिलाच कळलं. मी काहीतरी बोलून फोन ठेवला. तिला खरं सांगावं लागेल, हॉलचंही भावाला सांगावं लागेल. उद्या सांगेन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला कळतं. वहीत मागे ठेवून देईन. पण एक गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही. मुखपृष्ठावर तुमच्या नावाखाली मी माझंही नाव घातलं आहे. "संपादन" म्हणून, तुमच्याएवढ्याच अक्षरात. कुणाला विचारलं नाही, भावालाही दाखवलं नाही. आज फोनवर ते काढायला सांगायचं होतं. विसरले असं नाही. सांगितलं नाही.

विसरवाडीच्या स्टँडवर एक बाई हरभरा विकत होती, त्याची जुडी घेतली होती, ती पिशवीतच कोमेजत पडली आहे. दिवा लावला. आता ताट घेऊन उंबऱ्याशी बसते आणि घाटे तोडते.